मलकापुराहून एका दिवसाच्या मोटार-सहली

मलकापूर हे उतरण्याचे गाव आहे, हिंडण्याचे नव्हे, असा पुष्कळांचा समज दिसतो. बुलढाण्यास रेल्वे नाही. सबब जिल्ह्याच्या ठिकाणी जाणारा प्रवासी येथे उतरतो आणि राजूरचा घाट चढून निघून जातो. परंतु ज्यांच्या दारात मोटार उभी आहे त्यांनी एकदा नकाशा पसरून पाहावा. लोणार, सिंदखेडराजा, अजिंठा, शेगाव, बऱ्हाणपूर आणि तापी-पूर्णेचा संगम ही सारी ठिकाणे दीडशे किलोमीटरांच्या आत आहेत. सकाळी निघून रात्रीचे जेवण घरी घेता येईल अशी. असे असूनही, जन्म याच जिल्ह्यात गेला पण लोणार पाहिले नाही, असे म्हणणाऱ्या आजीबाई घरोघरी आढळतात.

याचे कारण बहुधा असे की, सहल आखावयाची म्हणजे स्थळांची यादी करावयाची, अशी आपली समजूत झाली आहे. तरुण मंडळी एका दिवसात लोणार, मेहकर आणि सिंदखेडराजा असा बेत ठरवितात. तो ऐकूनच वडील माणसे ‘आम्ही घर सांभाळतो’ म्हणून अंग काढून घेतात. माझ्या मते आखणी संध्याकाळपासून उलट करीत यावी. गाडी अंगणात किती वाजता परत हवी हे आधी ठरवावे, त्यातून वाटेचा वेळ वजा करावा, आणि उरेल तेवढाच वेळ स्थळाला द्यावा. मार्गशीर्षात सहा वाजण्यापूर्वीच सूर्य मावळतो. लोणारहून चारला निघालेली गाडी अंधार पडल्यावरच राजूरच्या घाटात येते. सबब तेथून दोनलाच निघाले पाहिजे. ज्यांची मुले आयर्लंडसारख्या देशी आहेत त्यांनी तिकडील रीत येथे आणू नये. डब्लिनास जूनमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. समुद्रकाठच्या अरुंद रस्त्यांनी दिवसभर रेंगाळले तरी तेथे उजेड पुरतो. अर्थात डिसेंबरात तिकडेही दुपारी चारनंतर दिवे लागतात, आणि शहाणे लोक त्या दिवसांत बेत आखूडच ठेवतात.

रात्रीच्या प्रवासाविषयी मी इतका आग्रह का धरतो, हे या जिल्ह्यातील वाचकांस सांगावयास नको. १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर बस पेटून पंचवीस प्रवासी प्राणांस मुकले, आणि त्याच महिन्याच्या २९ तारखेस उजाडण्यापूर्वी खुद्द मलकापुरात दोन बसगाड्यांची टक्कर होऊन सहा जण गेले. हाकणारा घरचाच मुलगा असला आणि तो आठवडाभर कचेरीत राबलेला असला, तर दुपारी जेवणानंतर त्याला अर्धा तास आडवे होऊ द्यावे. तो वेळ आराखड्यात धरलेला असावा. उरला तर पाहू, असे म्हणू नये.

आता लोणार. बुलढाणा, चिखली, मेहकर असा मार्ग. अंतर सुमारे १४० किलोमीटर, म्हणजे थांबत गेल्यास साडेतीन तास. पहाटे साडेपाचला निघावे. उल्केच्या आघाताने काळ्या कातळात पडलेले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली, तरी लवणासुराची कथा त्याहून पुष्कळ जुनी आहे. पाणी खारे आणि क्षारयुक्त. जून २०२० मध्ये सूक्ष्म जीवांमुळे ते गुलाबी झाले होते, आणि त्याच वर्षी सरोवरास रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. तळाशी उतरणे सोपे वाटते. वर येताना मात्र शे-सव्वाशे मीटरांची चढण गुडघ्यांची परीक्षा घेते. म्हणून येथे मंडळींचे दोन भाग करावेत. मुलांनी खाली जावे. वडीलधाऱ्यांनी काठावरून सरोवर पाहून गावातील दैत्यसूदनाच्या मंदिरात बसावे. त्या भिंतींवरील शिल्पे पाहण्यास दोन तासही अपुरे पडतात, त्यामुळे कोणी कोणासाठी खोळंबला असे होत नाही.

अजिंठ्यास सोमवारी जाऊ नये. लेणी बंद असतात. गाडी फर्दापूरच्या फाट्यावर ठेवून पुढे बसने जावे लागते. चालवत नसेल त्यांच्यासाठी डोलीवाले असतात; त्यात संकोच कसला? चित्रांपुढे गर्दी होते, परंतु सोळाव्या लेण्याच्या बाहेर वाकाटक नृपती हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा संस्कृत शिलालेख आहे, त्याकडे फारसे कोणी वळत नाही. घरात संस्कृत शिकणारे मूल असेल तर त्याला तेथे आवर्जून उभे करावे.

अर्ध्या दिवसाचीच सवड असेल तर मुक्ताईनगर. कोथळीस मुक्ताबाईंचे जुने मंदिर, आणि तेथून जवळच तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवांचे. कोरे पत्र धाडणारा तो वयोवृद्ध योगी आणि त्याची बालवयाची गुरू, दोघांची स्थाने अशी शेजारी आहेत. हतनूर धरणाचे पाणी तुंबल्यामुळे येथे पात्र विस्तीर्ण दिसते. शेगावविषयी लिहीत नाही; ती वाट आपणां सर्वांस पाठ आहे.

एक गोष्ट गृहिणींविषयी. सहलीला निघालेल्या सुनेचा दिवस पहाटे तीनला सुरू होतो, आणि पोहोचल्यावरही ती डबे उघडीत व पाने मांडीतच असते. सरोवर इतरांनी पाहावयाचे! आजींना बाहेरचे चालत नाही, हे मान्य. त्यांच्यापुरत्या दशम्या, लसणीवाचून चटणी आणि लिंबाचे लोणचे आदल्या रात्री बांधून ठेवावे. दशमी प्रवासासाठीच तर आहे. बाकीच्यांनी वाटेत मिळेल ते खावे आणि आपापली पाने आपण उचलावीत. मोटारीत सात माणसे मावतात आणि घरात बारा असतात. तेव्हा कोण कोणत्या खेपेस जाणार याची पाळी लिहून भिंतीवर लावावी, आणि पहिल्या खेपेत सुनेचे नाव असावे.

राहिले बऱ्हाणपूर. मुक्ताईनगरावरून इच्छापूरच्या वाटेने दोन तासांत पोहोचता येते. १६३१ मध्ये मुमताजमहल येथेच वारली, हे मुलांना शाळेत सांगितलेले असते. जुम्मा मशिदीत अरबी लेखाबरोबर संस्कृत शिलालेखही आहे, हे सहसा सांगितलेले नसते. शके १५११ मधील त्या लेखात फारुकी राजांची वंशावळ आणि तिथी-नक्षत्रांसह मिती कोरलेली आहे. असीरगड त्याच दिवशी जोडण्याचा मोह होईल. तो पुढच्या खेपेस ठेवावा. तीनला परत फिरावे, आणि निघण्यापूर्वी घरी राहिलेल्या पाच जणांसाठी तेथला दराबा बांधून घ्यावा.