घरचं नेट – भाग ६ : यूट्यूब चालतंय, मग बाकीचं का अडलंय?

मागच्या गुरुवारी दुपारी साडेतीनच्या सुमारास वरच्या मजल्यावरची मुलगी धावत खाली आली. "काका, आमचं नेट बघता का जरा? कॅप राउंडचे पर्याय भरायचेत, पाचपर्यंतच वेळ आहे." वर गेलो तर बाहेरच्या खोलीत टीव्हीवर यूट्यूबचं कीर्तन अगदी स्वच्छ चालू होतं, आजी ऐकत बसल्या होत्या. आतल्या खोलीत मात्र लॅपटॉपवर प्रवेशाची साइट उघडेना, बँकेची उघडेना, वर्तमानपत्राचीही उघडेना. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज जात होते, पण फोटो अडकून बसत होते. तिच्या बाबांनी नेट कंपनीला फोन लावला होता. पलीकडून विचारलं गेलं, "यूट्यूब चालतंय का?" चालतंय म्हटल्यावर, "मग लाइन ओके आहे," असं सांगून तक्रार बंद.

हे उत्तर मी आजवर इतक्या घरांत ऐकलंय, की आजचा सगळा भाग त्यालाच द्यायचं ठरवलं. यूट्यूब चालणं म्हणजे नेट चालणं नव्हे.

आधी काम. आईच्या मोबाइलचा हॉटस्पॉट लावला, त्याच लॅपटॉपवर साइट लगेच उघडली, पर्याय भरून झाले, पावती पीडीएफमध्ये उतरवून घेतली. जीव भांड्यात पडलाच, शिवाय हेही कळलं की साइट शाबूत आहे आणि लॅपटॉपही. घरातल्या मोबाइलवर वायफायने तीच रड होती. म्हणजे गडबड राउटर आणि त्याच्या पुढच्या वाटेवर.

बाबा राउटर बंद-चालू करायला उठलेच होते, त्यांना थांबवलं. बंद-चालू केल्याने खूपदा काम होतं, मीही करतो. पण काय उघडतंय, काय नाही आणि स्क्रीनवर नेमका कोणता निरोप येतोय, याचा एक फोटो आधी काढून ठेवा. अर्धवट चालणारं नेट हा पुरावा असतो. बटण दाबलं की तो पुसला जातो आणि दोष चार दिवसांनी परत येतो.

यूट्यूबला एवढी सवलत का मिळते? एक म्हणजे, गूगल आपल्या व्हिडिओंचे सर्व्हर इंटरनेट कंपन्यांच्या स्वतःच्या जाळ्यातच ठेवतं. लोकप्रिय व्हिडिओ बरेचदा आपल्याच कंपनीच्या केंद्रातून येतो. बाहेरची वाट बंद पडली तरी तो येत राहतो. ३० जानेवारी २००८ ला इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या केबल तुटल्या, तेव्हा भारतातलं नेट रांगायला लागलं होतं. तशी वेळ आज आली तर जवळ साठवलेले व्हिडिओ बऱ्याच अंशी चालतील आणि परदेशातल्या साध्या साइट अडतील. बाकीची दोन कारणं ओघात येतीलच.

मी लॅपटॉपवर कमांडची काळी खिडकी उघडली आणि 'पिंग ८.८.८.८' दिलं. हा गूगलच्या डीएनएस सर्व्हरचा क्रमांक. चारही उत्तरं आली. मग क्रमांकाऐवजी प्रवेशाच्या साइटचं नाव दिलं. नावासमोर लगेच तिचा क्रमांक उमटला. एवढ्यात दोन संशयित सुटले.

पहिला संशयित डीएनएस. यंत्रं एकमेकांना क्रमांकाने ओळखतात, नावावरून क्रमांक शोधून देणारी ही व्यवस्था. १९८३ मध्ये पॉल मॉकपेट्रिस यांनी तिची रचना मांडली, त्याआधी सगळ्या यंत्रांची नावं एकाच फाइलमध्ये असायची. कंपनीचा डीएनएस सर्व्हर आजारी पडला की ज्यांचे क्रमांक आधीच लक्षात ठेवलेले आहेत त्या साइट काही काळ उघडतात, बाकीच्या नाही. तेव्हा ब्राउझरच्या निरोपात 'डीएनएस' ही अक्षरं बहुधा दिसतात आणि तो लगेच येतो, मिनिटभर चक्र फिरत नाही. क्रमांकाला पिंग जातंय पण नावाला नाही, असं असेल तर राउटरच्या सेटिंगमध्ये डीएनएसच्या जागी ८.८.८.८ आणि १.१.१.१ भरा.

दुसरा संशयित आयपीव्ही४. जुन्या पद्धतीचे पत्ते जेमतेम ४२९ कोटी. त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपला. म्हणून कंपन्या शेकडो घरांना एकाच पत्त्यामागे बसवतात आणि जोडीला नव्या पद्धतीचा, आयपीव्ही६ चा पत्ता देतात. गूगल, यूट्यूब, फेसबुक नव्या पत्त्यावर भेटतात, बऱ्याच बँका आणि सरकारी साइट अजून जुन्याच पत्त्यावर. जुनी वाट बंद आणि नवी चालू, असं झालं की मोठ्या मंडळींच्या साइट तेवढ्या उघडतात. यूट्यूबच्या सवलतीचं हे दुसरं कारण. यात आपल्या हाती फार नाही, पण तक्रार करताना "आयपीव्ही४ बंद आहे" एवढं सांगितलंत तरी ती योग्य टेबलावर जाते. आमच्याकडे ८.८.८.८ ने उत्तर दिलं होतं, म्हणजे जुनी वाटही मोकळी होती.

मग विचारलं, नवीन काय झालं? आदल्या संध्याकाळी विजा कडाडल्या आणि जुना राउटर गेला. सकाळी कंपनीचा मुलगा येऊन नवा बसवून गेला, यूट्यूब लावून दाखवलं आणि निघाला.

इथे मला वास आला. इंटरनेटवरचा मजकूर पाकिटांतून येतो आणि एका पाकिटाचं नेहमीचं कमाल माप १५०० बाइट. ज्या घरी राउटरमध्ये युजरनेम आणि पासवर्ड भरून नेट जोडतात, तिथे बहुधा पीपीपीओई नावाची पद्धत असते. ती प्रत्येक पाकिटावर ८ बाइटचं आणखी एक वेष्टन चढवते. म्हणून आत १४९२ च मावतात. राउटरमध्ये हे माप 'एमटीयू' या नावाने असतं. तिथे १५०० राहिलं की भरगच्च पाकीट दारातून जात नाही.

नियमाप्रमाणे, अडवणाऱ्या यंत्राने पाठवणाऱ्याला कळवायचं असतं, की पाकीट मोठं आहे, लहान करून पाठव. ही सोय १९९० पासून आहे. पण सुरक्षेच्या नावाखाली कितीतरी ठिकाणी हा निरोपच अडवून टाकतात. मला हे मनापासून खटकतं, कारण त्यात कुणाचं संरक्षण होत नाही. पाठवणारा तेच मोठं पाकीट पुन्हापुन्हा धाडतो आणि ते नाहीसं होत राहतं. नेटवर्कवाले याला 'ब्लॅक होल' म्हणतात.

म्हणून लक्षणंही अशी विचित्र. पिंगची पाकिटं चिमुकली, ती जातात. मेसेज जातो, फोटो नाही. साइटशी ओळखपाळख होते, पण सर्व्हर आपलं सुरक्षा प्रमाणपत्र पाठवू लागला की ती पाकिटं पुरेपूर भरलेली असतात, आणि तिथेच सगळं थांबतं. फायरफॉक्समध्ये खाली डाव्या कोपऱ्यात 'टीएलएस हँडशेक'चं वाक्य गोठून राहिलेलं दिसलं, ते याचमुळे. आणि यूट्यूब? ते बरेचदा क्विक नावाच्या पद्धतीने येतं, तिची पाकिटं मुळातच १५०० पेक्षा बरीच लहान. हे तिसरं कारण.

खात्री करायला मोठं पिंग दिलं. विंडोजमध्ये पिंग, मग डॅश एफ, म्हणजे तुकडे करू नकोस, मग डॅश एल आणि आकडा, शेवटी ८.८.८.८. आकड्यात २८ बाइटचं शीर्षक धरलेलं नसतं. १४७२ दिलं, म्हणजे पूर्ण १५०० : काहीच उत्तर नाही, नुसती 'टाइम्ड आउट'ची रांग. १४६४ दिलं, म्हणजे १४९२ : खटाखट चार उत्तरं.

राउटरच्या तळाच्या चिठ्ठीवर त्याच्या पानाचा पत्ता होता, १९२.१६८.१.१. वॅनच्या सेटिंगमध्ये एमटीयूसमोर १५०० होतंच. तेवढं १४९२ केलं. युजरनेम, पासवर्ड, व्हीलॅन यांना हात लावला नाही, तुम्हीही लावू नका. सेव्ह केल्यावर जोडणी पाऊण मिनिट गेली, आजींचं कीर्तन तेवढं अडखळलं, आणि मग बँकेपासून वर्तमानपत्रापर्यंत सगळं उघडलं.

बाबांनी पुन्हा कंपनीला फोन लावून तक्रार उघडायला लावली आणि पलीकडच्या मुलीला १४९२ हा आकडा दोनदा लिहून घ्यायला सांगितला. त्याच मुलाने त्या दिवशी आणखी कुठे राउटर बसवले असतील, तिथेही तपासा म्हणाले. त्यांच्या मुलीने तोवर खाकी चिकटपट्टीच्या तुकड्यावर 'एमटीयू १४९२' लिहून तो राउटरच्या पाठीवर डकवला होता.

पुढच्या गुरुवारी : ओएनटीवरचा लाल दिवा आणि फायबरची केबल कुठे वाकलीय ते कसं शोधायचं.