स्पीच थेरपी : अर्धा तास दवाखान्यात, बाकी आठवडा घरात

मूल दोन-अडीच वर्षांचे झाले तरी बोलत नाही, अशी तक्रार घेऊन वस्तीतल्या आया आमच्याकडे येतात, तेव्हा बहुतेकींचे सहा महिने-वर्ष आधीच वाया गेलेले असते. 'बापही उशिरा बोलला' असे सासू सांगते. कोणी मधात वेखंड उगाळून जिभेवर चाटवते. (वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊच नये, त्यातून गंभीर विषबाधा होऊ शकते.) कोणी जिभेखालची शीर कापून आणते. ती शीर घट्ट असेल तर दूध ओढायला किंवा काही उच्चारांना अडचण येते. पण मूल शब्दच बोलत नाही, याचे कारण ती क्वचितच असते. गंडे-दोरे आपल्या घरांतून गेले असे आपण म्हणतो, पण लेकराच्या काळजीने ते मागच्या दाराने परत येतात.

एवढे करून बाई एकदाची स्पीच थेरपीला पोचते आणि तिथून दुसरी तक्रार घेऊन येते : "मॅडम पोराला काही करतच नाहीत, मलाच कामाला लावतात."

ही तक्रार आम्ही इतक्यांदा ऐकली की त्यावर लिहायचे ठरवले. मॅडम अंग चोरत नाहीत. त्या पद्धतीला कोचिंग म्हणतात. पुण्यात कोचिंग म्हटले की सदाशिव पेठेतले स्पर्धा परीक्षेचे क्लास आठवतात, पण हे तसले नव्हे. क्रिकेटचा कोच मैदानाबाहेर उभा राहतो, बॅट खेळाडूच्या हातात असते. इथे बॅट आईच्या हातात असते. साधा हिशोब करा. थेरपी आठवड्यातून एकदा, अर्धा तास. मूल रोज बारा तास जागे असते, म्हणजे आठवड्याचे चौऱ्याऐंशी तास. भाषा त्या चौऱ्याऐंशी तासांत येते.

चांगली थेरपिस्ट पहिल्या भेटीत विचारते, दिवसातला कोणता वेळ तुम्हाला सगळ्यात अवघड जातो? समजा, जेवणाचा. मग त्या जेवणावरच काम सुरू होते. आई नेहमीसारखी भरवते, थेरपिस्ट नुसती बघते. मग एकच गोष्ट सुचवते, स्वतः करून दाखवते, लगेच आईला करायला लावते. शेवटी विचारते, काय जमले, काय जड गेले? पुढच्या आठवड्यापर्यंत तेवढेच घरी करायचे. काही जणी आईच्याच मोबाइलवर दोन मिनिटांचे चित्रीकरण करून तिच्यासोबत बघतात. आपण लेकराला एका दमात किती प्रश्न विचारतो, हे त्यात स्वतःलाच दिसते.

सुचवलेल्या गोष्टी ऐकायला अगदी किरकोळ वाटतात. मुलाच्या तोंडासमोर खाली बसा. ते ज्याच्याकडे बघते आहे त्याचेच नाव घ्या. नळाला पाणी आले आणि ते बादलीकडे बघते आहे, तर 'बादली भरली' म्हणा. तेव्हा भिंतीवरचा ए-बी-सी-डीचा तक्ता दाखवू नका. एक वाक्य बोलून थांबा, मनात पाच आकडे मोजा. आपल्याला हे थांबणेच सगळ्यात जड जाते. मूल 'भाकरी' म्हणाले तर तुम्ही 'गरम भाकरी' म्हणा, एकच शब्द वाढवा. 'केळं देऊ का बिस्कीट?' असे विचारून दोन्ही दाखवा. आणि पाहुण्यांसमोर 'बोल ना, बोल ना' करून त्याची परीक्षा घेऊ नका.

याने फरक पडतो का? गोव्यातली 'संगाथ' संस्था आणि पाकिस्तानातले रावळपिंडी इथे स्वमग्न मुलांच्या घरांत ही पद्धत तपासली गेली. मूळ पद्धत इंग्लंडमधली, आपल्याकडच्या घरांसाठी बदलून घेतलेली. मुले 65. शिकवणारे तज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण घेतलेले आरोग्य कार्यकर्ते होते, आणि बैठका 12. निष्कर्ष 2016 मध्ये 'लॅन्सेट सायकिॲट्री'त छापून आले. या घरांतले पालक मुलाच्या कलाने जास्त बोलू लागले आणि मुले आपणहून संवाद सुरू करू लागली. पालक व मूल दोघांनी मिळून एकाच गोष्टीत रमणे मात्र थोडे कमी झालेले दिसले. म्हणजे ही जादू नव्हे. पण आमच्यासारख्या साध्या कार्यकर्तीला शिकवता येते आणि आईला जमते, एवढे त्यातून कळले.

आता आमचे काही आक्षेप. पहिला भाषेचा. पोराला इंग्रजी शाळेत घालणार असाल तर घरी इंग्रजीच बोला, तुमची बोली बंद करा, असे एका बाईला एका ठिकाणी सांगितले गेले. त्या माऊलीला इंग्रजीची चार वाक्ये येत होती, मग ती लेकराशी बोलायचीच थांबली. हे साफ चूक आहे. ज्या बोलीत तुम्ही हसता, रागावता, गोष्ट सांगता, त्याच बोलीत मुलाशी बोला. 'व्हतं', 'नगं' म्हटल्याने कोणाची वाचा अडत नाही.

दुसरा वेळेचा. ताडीवाला रोडची बाई सकाळी सातला सोसायट्यांच्या कामाला निघते. मूल आजीकडे किंवा मोठ्या बहिणीकडे असते. अशा आईला 'रोज एक तास द्या' सांगणे म्हणजे तिला अपराधी ठरवणे. थेरपिस्टला स्पष्ट सांगा : मूल आजीकडे असते, आजीला शिकवा. बापालाही घेऊन जा, पोराला अंघोळ घालताना त्यालाही बोलता येते. वेगळा तास काढायचाच नाही. वेणी घालणे, पीठ मळणे, जिन्याच्या पायऱ्या चढणे, यातच ते करायचे. आणि मूल पुढे सरकले नाही तर दोष आईचा नाही, उपाय बदलायला हवा.

या सगळ्याच्या आधी कानाची तपासणी. 'टाळी वाजवली की वळतो' हा पुरावा नव्हे. काही आवाज ऐकू येतात, काही येत नाहीत, असेही असते. ऐकूच येत नसेल तर आधी मशीन किंवा शस्त्रक्रिया, मग थेरपी. वर्षभरात बाळ बा-बा, दा-दा असे आवाज काढत नसेल, दीड वर्षापर्यंत एकही शब्द नसेल, दोन वर्षांपर्यंत 'आई ये' सारखे दोन शब्द जोडत नसेल, तर थांबू नका. येणारे शब्द गेले तर कोणत्याही वयात लगेच दाखवा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून आहे. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते. तारीख सेविकाताईंना विचारून ठेवा आणि त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. पथकाला शंका आली तर ते मुलाला पुढच्या मोफत तपासणीसाठी पाठवते. चिठ्ठी मागून घ्या. ससूनच्या कान-नाक-घसा विभागात थेटही जाता येते. धनकवडीला भारती विद्यापीठाचे वाचा व श्रवण शाखेचे महाविद्यालय आहे. जाताना लसीकरणाचे कार्ड आणि मूल घरात बोलत-खेळत असतानाचा मोबाइलवरचा छोटा व्हिडिओ न्या. नव्या जागी मुले गप्प होतात, म्हणून तो फार उपयोगी पडतो.