मिठाच्या पाण्यातली रोशनी

दिवाळीच्या सुमारास सोलापूर जिल्ह्यातील साखर कारखाने सुरू होतात आणि उसाच्या फडांजवळ तोडणी कामगारांच्या कोप्या उभ्या राहतात. कारखान्यात विजेचा लखलखाट असतो. अनेक कोप्यांत मात्र रात्र चिमणीवर किंवा मेणबत्तीवर काढावी लागते. बाहेर वाळलेले पाचट, आत झोपलेली लेकरे. झोपण्यापूर्वी दिवे विझवा, उंदीर वात ओढून घर पेटवू शकतो, अशी ताकीद प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी दिल्याचे हदीसमध्ये आले आहे. धूर नाही, ज्योत नाही, असा दिवा या लेकरांना मिळेल का, या विचाराने आम्ही मिठाच्या पाण्यावर चालणाऱ्या दिव्याची माहिती घेतली.

चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने असा दिवा तयार केला आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रीय मंत्री डॉ. जितेंद्र सिंह यांनी ‘सागर अन्वेषिका’ या संशोधन नौकेवर त्याचे उद्घाटन केले. त्याचे नाव ‘रोशनी’. तो प्रामुख्याने किनाऱ्यावरील मच्छीमार कुटुंबांसाठी आहे. पण समुद्र नसेल तेथे साध्या पाण्यात मीठ घालूनही चालतो, असे तेव्हा सांगण्यात आले. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. तेवढे मीठ कोणत्याही स्वयंपाकघरात असते.

मग वीज मिठातून येते का? नाही. अशा दिव्यांत सहसा मॅग्नेशियमसारख्या धातूची एक पट्टी असते आणि तिच्यासमोर कार्बनची दुसरी. हवेतील ऑक्सिजनच्या साथीने धातू झिजतो आणि त्यातून वीज मिळते. खारे पाणी हा दोन्ही पट्ट्यांमधला रस्ता आहे. चुलीच्या भाषेत सांगायचे तर सरपण धातूचे आहे, मिठाचे नाही. म्हणून पाणी कितीही बदलले तरी एक दिवस पट्टी संपते. ‘फुकटची वीज’ म्हणून कोणी असा दिवा विकायला आला, तर आधी विचारावे: पट्टी किती तास चालते, नवी कितीला पडते आणि कुठे मिळते?

हा हिशेब पाहता कोपीसाठी आम्हाला सौर कंदील अधिक योग्य वाटतो. तोडणीच्या हंगामात आपल्याकडे ऊन भरपूर असते आणि उन्हाला पैसे पडत नाहीत. मिठाच्या दिव्याचे काम वेगळे आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये अतिवृष्टीने भीमेला पूर आला आणि पंढरपुरात पाणी शिरले. अशा दिवसांत वीज जाते, आभाळ भरलेले असते आणि सौर कंदीलही चार्ज होत नाही. मिठाचा दिवा कोरडा ठेवला तर दीर्घकाळ टिकतो आणि खारे पाणी ओतले की लागतो. नदीकाठच्या गावांतील मशिदीत, मदरशात असे दोन-चार दिवे सुट्या पट्ट्यांसह ठेवले, तर संकटाच्या रात्री साऱ्या गावाच्या उपयोगी पडतील.

सदक्यात आपण धान्य देतो, कपडे देतो. या हंगामात चार घरांनी मिळून जवळच्या फडावर जावे, कोणत्या कोपीत दिवा नाही ते पाहावे आणि तेथे एक सौर कंदील द्यावा. देताना जात-धर्म विचारू नये. त्या उजेडात एखादे लेकरू पुस्तक उघडेल, इन्शाअल्लाह.