गुणपत्रिकेबाहेरची भाषा

ज्या ‘आकाशवाणी’च्या माध्यमातून आपण एकमेकांना भेटतो, तिचे नाव म्हैसूर नगरीने दिलेले आहे. १९३५ साली प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी तेथे आपल्या राहत्या घरी एक लहानसे नभोवाणी केंद्र उभारले आणि त्याला हे नाव दिले. कन्नड नगरीत योजलेला तो संस्कृत शब्द पुढे साऱ्या भारतीय भाषांचा झाला. याच नगरीत, मानसगंगोत्रीच्या परिसरात, १९६९ साली भारतीय भाषा संस्थान स्थापन झाले. तेव्हा भाषांविषयीचा एक साधा प्रश्न म्हैसूरला उभे राहूनच विचारू. शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलाला किती भाषा येतात, याची नोंद आपण कोठे करतो?

कोणी म्हणेल, गुणपत्रिकेत! ते काही अंशी खरेही आहे. कर्नाटकातील दहावीच्या अनेक वर्षे चालत आलेल्या मांडणीत ६२५ गुणांपैकी पहिल्या भाषेस १२५ आणि दुसऱ्या व तिसऱ्या भाषेस प्रत्येकी १०० गुण असत. म्हणजे निम्म्याहून अधिक गुण भाषांचेच. परंतु गुण मिळणे आणि भाषा येणे या एकच गोष्टी नव्हेत. निबंध पाठ करून उत्तम गुण मिळविणारा विद्यार्थी त्या भाषेत चार वाक्ये बोलताना अडखळतो, हा अनुभव कोणाला नाही?

याची दुसरी बाजू अधिक विचार करावयास लावणारी आहे. म्हैसुरात राहणाऱ्या एखाद्या मराठी कुटुंबातील मुलीची कल्पना करा. ती घरी मराठी बोलते, बाजारात कन्नड बोलते, शेजारणीशी दख्खनी उर्दूत गप्पा मारते आणि शाळेत इंग्रजी शिकते. आजीला आलेली पत्रे तीच वाचून दाखविते. मात्र तिच्या गुणपत्रिकेत मराठीचे नावही नसते. जे शाळेने शिकविले नाही ते तिला येतच नाही, असा त्या कागदाचा अर्थ होतो.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने या उणिवेवर एक उपाय योजला. याच राज्यातील मतदारांनी १९९८ साली द्विभाषिक शिक्षणावर कडक निर्बंध घातले होते. पण २०११ साली तेथेच द्विभाषिक साक्षरतेच्या मुद्रेचा कायदा झाला. इंग्रजीबरोबर आणखी एका भाषेत बोलणे, वाचणे व लिहिणे साधले आहे असे सिद्ध करणाऱ्या विद्यार्थ्याच्या पदविकेवर ही मुद्रा उमटविली जाते. ती भाषा शाळेतच शिकलेली असली पाहिजे असे बंधन नाही. घरी आईकडून आलेली भाषाही चालते. पुढे बहुतेक राज्यांनी ही प्रथा स्वीकारली. परदेशी वाढणाऱ्या मराठी मुलांना रविवारच्या मराठी शाळेत का जावे, याचे एक मूर्त उत्तर त्यामुळे मिळाले.

अशी मुद्रा आपल्याकडे आणण्यात एक धोका आहे. तीही आणखी एक परीक्षा ठरेल आणि तिचेही शिकवणीवर्ग निघतील. शिवाय ज्या लहान भाषांना पाठ्यपुस्तकही नाही, त्यांची कसोटी कोण घेणार? म्हणून कसोटी प्रत्यक्ष व्यवहाराची हवी. मुलाने त्या भाषेत संभाषण करावे, एखादे वृत्त वाचून त्याचा आशय सांगावा, स्वतःचे चार विचार लिहावे. आणि जिला लिपीची रूढ परंपरा नाही, तिच्या बोलण्यालाच मान द्यावा.

हे अशक्य नाही. भारतीय भाषा संस्थानाच्या प्रादेशिक केंद्रांत शिक्षकांसाठी दहा महिन्यांचे अभ्यासक्रम चालत आले आहेत. पुण्याच्या केंद्रात परप्रांतीय शिक्षक मराठी शिकत आले आहेत. शिक्षकाने मिळविलेल्या दुसऱ्या भाषेला आपण प्रमाणपत्र देतो. मग विद्यार्थ्याने अंगणात मिळविलेल्या भाषेला का देऊ नये?

संस्थानाचे पहिले संचालक देवीप्रसन्न पटनायक यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाच्या नावातच बहुभाषिकता आणि मातृभाषेतील शिक्षण यांची जोडी घातलेली आहे. एकीला जपल्याने दुसरी दुरावत नाही. २०११ च्या जनगणनेत सुमारे २६ टक्के लोकांनीच आपल्याला दुसरी भाषा येते असे सांगितले. उरलेल्यांपैकी कित्येकांना ती येत असेलही; पण घरची बोली, शेजारची बोली ही ‘येणारी भाषा’ म्हणून मोजावयाची असते, हे त्यांना कोणी कधी सांगितलेच नसेल. मुलांना तरी ते शाळेतून बाहेर पडण्यापूर्वी सांगितले पाहिजे.