नागलीचे बिस्कीट

कल्याण-नगर रस्त्यावर माळशेज घाटाच्या अलीकडे असलेल्या टोकावडे परिसरातील ठाकर, कातकरी वाड्यांना नागली नवी नाही. वरकस, म्हणजे भातखाचरे पडत नाहीत अशा उताराच्या जमिनीत ती लावली जाते आणि शहरात नाचणी या नावाने तिचेच पीठ आता बिस्किटांत मिसळले जाते. शंभर ग्रॅम नागलीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. परंतु बिस्कीट आवडते की नाही, हे ठरते ते रंगावर, तुरटपणावर आणि दाताखालच्या खुसखुशीतपणावर.

पीठ मळल्यावर त्याला चिवटपणा देणारे ग्लुटेन हे गव्हातील प्रथिन नागलीत नसते, त्यामुळे तिचे प्रमाण वाढले की पोळी लाटताना कडांना चिरा पडतात. भट्टीतही अडचण येते: मैद्याचे बिस्कीट तांबूस झाले की भाजले असे समजते, नागलीचा गोळा मात्र कच्चा असतानाच तपकिरी असल्याने भाजणाऱ्याला वासावर आणि कडांच्या कडकपणावर विसंबावे लागते. सालीतील टॅनिन या द्रव्यामुळे येणारा तुरटपणा नागलीला मोड आणून, वाळवून दळल्यास कमी होतो. तो लपवण्यासाठी साखर वाढवत नेणे हा सोपा, पण ज्या हेतूने नागली घातली त्यावरच पाणी फिरवणारा मार्ग आहे.

पसंती मोजण्यासाठी बहुधा नऊ गुणांची श्रेणी वापरतात, जिच्यात 9 म्हणजे अतिशय आवडले, 1 म्हणजे मुळीच आवडले नाही. नमुन्यांना नावाऐवजी तीन आकडी क्रमांक देतात आणि दोन नमुन्यांच्या मध्ये पाण्याची चूळ भरायला सांगतात. तरीही समोर बसून दिलेल्या खाऊला नावे ठेवू नयेत ही रीत जिथे पाळली जाते, तिथे गुणांपेक्षा ताटलीत काय उरले ते पाहणे अधिक खरे. शिवाय शहरातील ग्राहक ‘नाचणी’ हा शब्द वाचूनच पुडा उचलतो, तर जिच्या घरी नागलीची भाकरी रोजची, तिला बिस्कीट हवे असते ते भाकरीहून वेगळे, गोड, फिके आणि चहात बुडवता येणारे. पौष्टिकतेची माहिती तिला पटवून देण्याआधी चहाची ही कसोटी पार व्हायला हवी, कारण नागली जास्त झालेले बिस्कीट ओठांपर्यंत येण्याआधीच तुटते आणि कपाच्या तळाशी त्याचा तपकिरी गाळ बसतो.