ग्रामसभा आणि गणपूर्ती

भूम तालुक्यातील ईट व त्याच्या परिसरातील गावांना मताचा अधिकार फार जुना नाही. हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि प्रौढ मताधिकाराने निवडलेले सरकार तेथे नव्हते. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थानी राजवट संपली. त्यानंतर १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत येथील शेतकरी, मजूर व स्त्रिया यांनी समान हक्काने मतदान केले. पुढे १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि कारभाराची सूत्रे लोकांच्या अधिक जवळ आली.

मार्च २०२२ नंतर मात्र राज्यातील अनेक जिल्हा परिषदांची मुदत संपून त्यांचा कारभार प्रशासकांकडे गेला. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये रखडलेल्या निवडणुका घेण्याचा आदेश दिल्यावर गावोगाव पुन्हा हालचाल सुरू झाली. पारावर चर्चा रंगू लागल्या व तरुणांची लगबग वाढली. हा उत्साह स्वागतार्ह आहे. परंतु मतदान आटोपल्यावर तो कोठे जातो, हा खरा प्रश्न होय.

त्याचे उत्तर ग्रामसभेच्या हजेरीत सापडते. ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून ग्रामसभेला घटनेत स्थान मिळाले. गावच्या मतदार यादीतील प्रत्येक व्यक्ती तिची सभासद असते. तिला कोणी निवडून द्यावे लागत नाही. आर्थिक वर्षात ग्रामसभेच्या किमान चार बैठका व्हाव्यात आणि प्रत्येक नियमित बैठकीपूर्वी स्त्रियांची स्वतंत्र सभा व्हावी, असा महाराष्ट्रातील नियम आहे. घरकुलासारख्या वैयक्तिक लाभाच्या योजनांचे लाभार्थी निवडणे आणि पंचायतीच्या विकासकामांना संमती देणे, ही कामे या सभेकडे आहेत.

सभा भरण्यास गणपूर्ती लागते. एकूण मतदारांच्या शेकडा १५ अथवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल, तेवढी उपस्थिती आवश्यक असते. चारशे मतदारांच्या वाडीत साठ माणसे पुरतात; चार हजार मतदारांच्या गावात शंभर पुरतात. म्हणजे मोठ्या गावात चाळीस मतदारांमागे एक आला तरी सभा होते. तेवढेही न जमल्यास सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीचे बंधन राहत नाही. मग मोजक्या मंडळींनी केलेला ठरावही साऱ्या गावाचा ठराव ठरतो. ज्या विधवेचे नाव घरकुलाच्या यादीत यावयास हवे होते, तिच्या बाजूने बोलणारा त्या दिवशी कोणीच नसेल, तर दोष कायद्याचा नसतो. घरी बसलेल्या शेजाऱ्यांचा असतो.

शाळेच्या बाबतीतही हेच घडते. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि निम्म्या सभासद स्त्रिया असाव्या लागतात. शाळेचा विकास आराखडा तयार करणे व अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे, ही या समितीची कर्तव्ये आहेत. पालकांनी केवळ सही करून परत जावे, यासाठी ती निर्माण झालेली नाही.

या कामी शिक्षकांना पुष्कळ करता येण्यासारखे आहे. नागरिकशास्त्राच्या तासाला वर्गातच ग्रामसभा भरवावी. एका विद्यार्थ्याने सूचना लिहावी, दुसऱ्याने विषयपत्रिका वाचावी, तिसऱ्याने इतिवृत्त लिहावे. गावच्या मतदारसंख्येवरून गणपूर्ती काढण्याचे गणित मुलांनीच सोडवावे. एकदा मुद्दाम सभा तहकूब करून पाहावी आणि दुसऱ्या सभेत चौघांनीच सहलीचे ठिकाण ठरवावे. उरलेला वर्ग जेव्हा तक्रार करील, तेव्हा तो का आला नव्हता एवढेच विचारावे. पुस्तकातील दहा पानांनी जे समजत नाही, ते त्या एका प्रश्नाने समजते.

अशी मुले घरी जाऊन आईवडिलांना ग्रामसभेची तारीख विचारू लागली, की निवडणुकीतील उत्साह निवडणुकीबरोबर मावळणार नाही. मतपेटीने प्रतिनिधी मिळतात. त्यांच्याकडून हिशेब घेण्याचे काम मात्र सभेत येऊन बसणाऱ्या मतदारालाच करावे लागते.