कोंबडी आटली नाही, विसावली आहे



मार्गशीर्ष लागला की गटाच्या बैठकीत हमखास एक विषय निघतो. "कोंबड्या अंडीच देईनात. खायला काळ नि भुईला भार. विकून टाकू का?" नेमक्या याच दिवसांत व्यापारी गावात फेरी मारतो. मार्गशीर्षात बऱ्याच घरी मांसाहार बंद असतो, त्यामुळे तो भाव पाडून मागतो. आपणही चांगली दोन वर्षांची कोंबडी त्याच्या हातात देऊन मोकळ्या होतो. म्हणून आज समजून घेऊ, थंडीत अंडी का थांबतात आणि कोणती कोंबडी विकायची, कोणती राखायची.

आपण म्हणतो, थंडीमुळे अंडी थांबली. पण खरं मोठं कारण उजेडाचं आहे. जूनमध्ये आपल्याकडे दिवस 13 तासांहून थोडा मोठा असतो. डिसेंबरात तो 11 तासांवर येतो. कोंबडीला हा फरक डोळ्यांतून तर कळतोच, पण कवटीतून आत झिरपणारा उजेडही तिच्या मेंदूला कळतो. दिवस वाढत असला की मेंदू अंडाशयाला काम सुरू करायला सांगतो. दिवस लहान होऊ लागला की थांबायला सांगतो. पिल्लं कडाक्याच्या थंडीत निघू नयेत, म्हणून निसर्गानंच केलेली ही सोय आहे.

दुसरं कारण पीसझडीचं. पावसाळा सरता सरता कोंबडी जुनी पिसं गाळते आणि नवी घालते. पिसं जवळजवळ सगळी प्रथिनांची असतात, आणि अंड्यालाही प्रथिनंच लागतात. दोन्ही कामं एकदम झेपत नाहीत, म्हणून ती आधी अंगावरचं पांघरूण पुरं करते. यात साधारण दोन ते तीन महिने जातात.

तिसरं कारण खाण्याचं. पावसाळ्यात परसात किडे, गांडुळं, कोवळा पाला भरपूर मिळतो. थंडीत जमीन सुकते, किडे कमी होतात. त्यात रात्रभर अंग ऊबदार ठेवायलाच बरंचसं खाणं खर्ची पडतं. मग अंड्यासाठी उरणार काय?

आता ओळखायचं कसं? कोंबडी हातात घ्या. मागच्या बाजूला, अंडं बाहेर येतं तिथे, दोन टोकदार हाडं हाताला लागतात. त्यांच्यामध्ये दोन-तीन बोटं मावली आणि तुरा लाल, टवटवीत असला, तर ती अंडी देते आहे. मग अंडी जातात कुठे? गंजीमागे, सरपणात, कुंपणात शोधा. मुंगूस, साप नाही तर कुत्रं खात असेल. एकच बोट मावलं, तुरा फिका पडून आक्रसला, पण अंगावर नवी पिसांची खुंटं दिसतात आणि कोंबडी खातेपिते, तर ती विसाव्यावर आहे. तिला विकू नका. जी अंगाची उब देत बसून राहते, हात लावला की फुगून गुरगुरते, ती खुडूक आहे. तिच्याखाली अंडी ठेवली तर 21 दिवसांत पिल्लं मिळतील.

पण जी पेंगते, मान वाकडी करते, हिरवट शी टाकते, तोंड उघडून श्वास घेते, ती आजारी आहे. ही मानमोडीची लक्षणं असू शकतात. तिला लगेच वेगळी ठेवा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. अशी कोंबडी बाजारात नेऊ नका, नाही तर रोग दुसऱ्यांच्या दारात जाईल. मानमोडीची लस वेळच्या वेळी टोचून घेणं हाच खरा उपाय.

विसाव्यातल्या कोंबडीसाठी काय करायचं? संध्याकाळी खुराड्यात जाण्याआधी मूठभर ज्वारी, बाजरी किंवा मक्याचा भरडा द्या. त्यात थोडी शेंगदाण्याची पेंड किंवा सुकटीचा चुरा मिसळा. शेवग्याचा पाला घाला. अंड्याची टरफलं टाकू नका. तव्यावर भाजून बारीक कुटून वेगळ्या भांड्यात ठेवा. एका टरफलात सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम असतं, ते कोंबडीला कुठून तरी मिळायलाच हवं. खुराड्याला वाऱ्याच्या बाजूनं गोणपाट लावा, पण वरची फट उघडी ठेवा. सगळं बंद केलं तर शीचा उग्र वास कोंडतो आणि श्वासाचा आजार होतो. खाली भाताचं तूस कोरडं ठेवा. पाणी रोज ताजं भरा. तहानलेली कोंबडी अंडं देत नाही.

ज्यांच्याकडे वीज आहे, त्यांनी पहाटे छोटा दिवा लावून पाहावा. एकूण उजेड 14 तासांपर्यंत न्यायचा, पण दर आठवड्याला अर्धा तास या हिशोबानं. दिवा पहाटेच लावा. रात्री अचानक विझला की कोंबड्या अंधारात जागा सोडून धडपडतात. वीज बेभरवशाची असेल तर या भानगडीत पडू नका. देशी कोंबडीला थोडा विसावा मिळणं वाईट नाही.

आता हिशोब करू. रोज 50 ग्रॅम धान्य धरलं तर दोन महिन्यांत एका कोंबडीला 3 किलो लागतं. तीच विकून नवी तलंग आणली, तर पिल्लापासून अंड्यापर्यंत सहा-सात महिने जातात, शिवाय वाढवताना मरतुकीचा धोका आहेच. संक्रांतीनंतर दिवस तिळातिळानं वाढतो, आणि राखलेली कोंबडी हळूहळू पुन्हा अंडी देऊ लागते.

पुढच्या मासिक बैठकीला येताना प्रत्येकीनं एवढं लिहून आणावं: कोंबड्या किती, अंडी किती, विसाव्यावर किती आणि लस कधी टोचली. हा हिशोब समोर असला की व्यापाऱ्याला काय उत्तर द्यायचं ते आपलं आपल्यालाच ठरवता येईल.